बारावी पकड

उन्हाळी सफरीला अकरा दिवस उरले की आमच्या जहाजावरच्या प्रत्येकाला वाटायला लागतं, की आपण सोडून बाकी सगळे कामचुकार आहेत. मला ते वर्षभर वाटतं, म्हणून मला फारसा फरक पडत नाही.

जहाज शिडाचं आहे आणि वयाने माझ्याहून थोरलं. उन्हाळाभर दर पंधरवड्याला सतरा-अठरा वर्षांची चोवीस मुलंमुली त्यावर येतात. पहिले दोन दिवस ओकतात, मधले दिवस दोर ओढतात, शिडं चढवतात, उतरवतात आणि शेवटच्या दिवशी घरी जायचं नाही म्हणून रडतात. त्यांना शिकवणारे आम्ही सगळे हौशी. एक दातांचा डॉक्टर, एक बसचालक, दोन शाळामास्तरणी आणि असेच आणखी पंधरा-वीस. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी गोदीतल्या शेडमध्ये जमायचं, घासायचं, रंगवायचं आणि चहाच्या वेळी एकमेकांच्या कामाला नावं ठेवायची. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच.

मी दोरांची. आधी माझा नवरा दोरांचा होता आणि मी त्याच्या हाताखाली. शिवणाच्या वर्गात मुलींना शिकवून आले की संध्याकाळी त्याचे दोर धरायचे. तो गेला त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून जहाजावरचा जो दोर माणसाचं वजन पेलतो, तो माझ्या हाताखालून जातो. भटारखाना माझ्या धाकट्या दिराकडे. भावोजींचा हात चांगला आहे, पण ते बोलतात फार. अठराव्या वर्षी थोरल्या भावाच्या मागून एकदाच डोलकाठीवर चढले आणि वर थिजले, तीन तासांनी त्यांना दोराने खाली उतरवावं लागलं. त्यानंतर त्यांनी शेगडीशी संसार थाटला. खालून वर बघितलं तरी मान दुखते, असं सांगतात.

आमच्याकडे दोन नियम आहेत. कुठे लिहिलेले नाहीत, पण त्यांच्यावरून माणसं जहाज सोडून गेली आहेत. डोलकाठीला आडवे वासे असतात, त्यांना शिडं बांधलेली असतात. शीड गुंडाळायला मुलं त्या वाशावर पोट टेकून ओणवी होतात आणि त्यांचे पाय असतात खाली लटकणाऱ्या एका दोरावर, पायदोरावर. तो पायदोर बारा ठिकाणी वाशाशी आवळून बांधतात. त्या प्रत्येक बांधणीला आम्ही पकड म्हणतो. तर पहिला नियम असा, की ज्याने पकड बांधली त्याने सर्वांच्या देखत आधी तिच्यावर लोंबकळायचं. दुसरा नियम असा, की पकडीचं टोक ज्याने त्याने आपापल्या रंगाच्या दोऱ्याने शिवायचं, म्हणजे पुढे कुणाला शिव्या द्यायच्या ते लांबूनही कळतं. माझा रंग पिवळा. नवऱ्याचाही पिवळाच होता. तो गेल्यावर मी त्याचं उरलेलं रीळ संपवायला घेतलं आणि मग तोच रंग माझा झाला.

यंदा हिवाळ्यात माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. म्हणजे होती जागेवर, पण त्यांच्यात कुणी राहत नव्हतं. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्यासुद्धा येईनाशा झाल्या. ब्लाउजचं बटण लागेना. मी मनाशी म्हटलं, थंडी आहे. थंडी गेली तेव्हा म्हटलं, वय आहे. घरात दोन खोल्या आणि एक घड्याळ, तिथे बोटांचं कुणाला काय पडलंय. पण जहाजावर पडलेलं होतं, आणि ते मला चांगलं माहीत होतं.

भावोजींना कळलं ते एका झाकणामुळे. मी भटारखान्यात चहा मागायला गेले, सूप उकळत होतं, मी वाटेतलं झाकण उचलून बाजूला ठेवलं आणि माझ्या यादीबद्दल बोलत राहिले. भावोजी माझ्या हाताकडे बघत होते. झाकण शेगडीवरून आत्ताच उतरवलेलं होतं. मला काहीच जाणवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिन्ही बोटांना टपोरे फोड आले.

“वहिनी, डॉक्टरकडे चला,” ते म्हणाले.

मी म्हटलं, शस्त्रक्रिया सांगतील, तीन महिने हात गळ्यात सांगतील. म्हणजे उन्हाळा गेला. एवढा उन्हाळा काढते, मग काय कापायचं ते कापू देत. आणि कप्तानाला एक शब्द सांगितलात तर माझ्याशी पुन्हा बोलू नका. भावोजी माझ्याशी न बोलता दोन दिवससुद्धा राहू शकत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तेच मी वापरलं. आता लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

खरं सांगायचं तर मला भीती होती. लेक दर रविवारी फोनवर म्हणते, आई, इकडे ये, तुझ्यासाठी खोली रिकामीच आहे. ती खोली मी बघितली आहे. तिच्यात एक पलंग, एक खुर्ची आणि खिडकी आहे. त्या खुर्चीत बसलेली मी मला दिसते. वर्षातले तीन महिने मी कुणीतरी असते. ते तीन महिने गेले असते, तर उरलेले नऊ कशासाठी ढकलायचे?

म्हणून मी हात खिशात घालून फिरायला लागले. दातांचा डॉक्टर हिरडी साफ करावी तशा नाजूकपणे कठड्याला रंग लावत होता. त्याने एकदा विचारलं, मावशी, बोटं बधिर होतात का? मी म्हटलं, तुम्ही दातांपुरतं बघा, बोटं तोंडात घालायची वेळ आली की कळवते. तो हसला, पण बघत राहिला.

मोठ्या डोलकाठीचा खालचा वासा शेडमध्ये लाकडी घोड्यांवर आडवा ठेवला होता. त्याच्या बारा पकडी मी दोन दिवसांत बांधल्या. पकड बांधताना दोर खुंटीने पिळून आवळायचा असतो आणि किती आवळला ते बोटांना कळतं. दोर कुरकुरत नाही, दिसायलाही काही फरक नसतो. बोटं सांगतात, आता पुरे. माझी बोटं काही सांगत नव्हती. मी अंदाजाने आवळत गेले, डाव्या हाताने चाचपत गेले, आणि प्रत्येक टोक पिवळ्या दोऱ्याने इतकं सुबक शिवलं, की शिवणाच्या वर्गात मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते. वरून काळं तेल चोपडलं. काम झाल्यावर मी वाशाकडे पाठ केली आणि पुन्हा त्याच्याजवळ गेले नाही.

त्यानंतर मात्र मला एका जागी बसवेना. सगळ्यांच्या कामात मी नाक खुपसलं. बसचालकाने गुंडाळलेले दोर सोडून पुन्हा गुंडाळले. यादी तीनदा लिहिली. बोयांची अक्षरं पुसट. पट्ट्यांची बकलं तपासणे. डोलकाठीच्या डाव्या बाजूच्या तारेचा एक तंतू तुटून वर आलाय, चिंधी गुंडाळणे. गजराच्या आधी जाग यायची आणि उजाडायच्या आत मी धक्क्यावर असायची. भावोजी माझ्याही आधी आलेले असायचे. विचारलं तर म्हणायचे, भांडी लावतोय. एवढी कसली भांडी लावायची होती हे मी विचारलं नाही. स्वतःचं ठेवायचं झाकून असलं की माणूस दुसऱ्याचं उघडून बघत नाही.

वासे चढवायला क्रेन शनिवारी यायची होती. ती शुक्रवारी सकाळीच आली, कारण चालकाला शनिवारी दुसरीकडे काम होतं. आमची तारांबळ उडाली. भावोजी भटारखान्यातून एप्रन तसाच ठेवून धावत आले आणि कप्तानाला म्हणाले, अर्धा दिवस थांबवता येणार नाही का? कप्तानाने विचारलं, स्वयंपाक्याला क्रेनचं काय पडलंय? सगळे हसले. मीही हसले. दुपारपर्यंत वासे वर गेले.

रविवारी लोंबकळायचं होतं. सोमवारी सरकारी तपासनीस येणार आणि गुरुवारी पहिली चोवीस मुलं.

कप्तान माझ्या नवऱ्याच्या हाताखाली तयार झालेला आहे. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण जहाजावर मी त्याला अहो-जाहो करते आणि तो मला मावशी म्हणतो. त्याने नेहमीसारखी सगळ्यांना डेकवर उभं केलं आणि म्हणाला, चढा मावशी. मी पट्टा बांधला, त्याचा आकडा वरच्या तारेत अडकवला आणि चढले. चढायला पाय लागतात. पाय माझे अजून खणखणीत आहेत.

वाशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकायचं, प्रत्येक पकडीशी थांबायचं आणि दोन्ही पायांनी पायदोरावर दणका द्यायचा. पहिली पकड दगडासारखी घट्ट. दुसरी तशीच. तिसरीशी माझ्या जिवात जीव आला. वाटलं, उगाच घाबरले, हात काही विसरत नाहीत. पाचव्या पकडीशी मी पहिल्यांदा खाली वाकून नीट बघितलं.

वेढे उलटे होते. मी उजवीकडून डावीकडे वेढे घेते, माझा नवराही तसेच घ्यायचा. हे डावीकडून उजवीकडे गेले होते आणि दोऱ्याचे टाकेही उलटे तिरपे होते. दोरा पिवळाच होता. सहावी तशीच, सातवी तशीच. आमच्या जहाजावर डावखुरा माणूस एकच आहे आणि तो खाली भटारखान्याच्या दारात उभा राहून जमिनीकडे बघत होता.

मी सरकत राहिले, कारण खाली वीस माणसं माना वर करून उभी होती. आठवी, नववी, दहावी, अकरावी. सगळ्या त्यांच्या, सगळ्या घट्ट. बारावी वाशाच्या अगदी टोकाला. तिचे वेढे माझे होते. मी दणका दिला आणि पायदोर दोन बोटं खाली गेला. पडण्याइतका नाही. खालून कुणाला दिसलाही नसेल. पण तळव्यांना कळलं. बोटांनी जे सांगायचं टाकलं होतं ते पायांनी सांगितलं.

खाली आले तेव्हा टाळ्या वाजल्या. कप्तानाने विचारलं, कसं आहे? मी म्हटलं, ठीक आहे. हे दोन शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज गेले, की मला स्वतःचीच भीती वाटली. मनात हिशेब तयार होता. उद्या पहाटे वर जाईन, बारावी सोडून पुन्हा बांधेन, कुणाला कळणार नाही.

मी तडक भटारखान्यात गेले. भावोजी बटाटे सोलत होते आणि सालाबरोबर अर्धा बटाटा जात होता.

मी म्हटलं, तुमच्या गाठींवर माझा दोरा कशाला? त्यांनी मान खाली घालून सांगितलं, रोज उजाडायच्या आधी एक-दोन केल्या. दादाच्या शेजारी बसून लहानपणी शिकलो होतो, चढलो नाही म्हणून बांधणं विसरलो नव्हतो. बारावी शनिवारी पहाटे करणार होतो, पण क्रेन आली. काल वर जाऊन करावी म्हटलं, तर शिडीच्या चौथ्या पायरीवरून परत आलो.

मी बरंच बोलले. मला न विचारता, माझ्या पाठीमागे, मला काय कुकुलं बाळ समजता का, वगैरे. ते ऐकून घेत होते. आजवर त्यांनी माझं इतकं कधी मुकाट्याने ऐकलेलं नाही. मग त्यांनी सुरी खाली ठेवली.

“वहिनी, तुमच्याशी बोलणं बंद झालं असतं तरी मी जगलो असतो,” ते म्हणाले. “पण त्या टोकाला कोण उभं राहतं, ते तुम्हाला माहीत आहे.”

ते मला माहीत होतं. प्रत्येक तुकडीत एक पोर असं निघतं, ज्याला टोकालाच जायचं असतं. बाकीचे मध्याला चिकटून राहतात आणि हे एक हसत हसत सरकत टोकाला जातं. गेल्या वर्षी मुलगी होती, जेमतेम पाच फुटांची. आई-बाप तिला धक्क्यावर माझ्या हवाली करून गेले होते. मावशी, जरा लक्ष ठेवा, म्हणाले होते. मी ठेवते म्हटलं होतं.

मी मग वर आले आणि कप्तानाला सांगितलं.

सगळं सांगितलं. झाकण, फोड, अंदाजाने आवळणं, बारावी सैल असून ठीक आहे म्हणणं, आणि बाकीच्या अकरा माझ्या नाहीत हेही. सांगताना हात खिशातच होते. त्याने मला मध्ये तोडलं नाही. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

“आजपासून तुमचं वर जाणं बंद,” तो म्हणाला. “आणि दोर बांधणंही बंद, मावशी.”

मी मान हलवली. दातांचा डॉक्टर रंगाच्या डब्याशी उभा होता, त्याने दुसरीकडे बघितलं. मग कप्तानाने विचारलं, की या अकरा पकडी कुणाच्या? मला चुगली करायची नव्हती. पण भटारखान्याच्या दारातून एप्रनला हात पुसत भावोजी आले आणि म्हणाले, माझ्या.

आता वीस माणसांनी आधी त्यांच्याकडे आणि मग वर वाशाकडे बघितलं. कुणी हसलं नाही. कप्तान म्हणाला, मी स्वतः लोंबकळतो, चालेल. मीही म्हटलं, भावोजी, तुम्ही राहू द्या, तुमच्या तब्येतीला ते सोसायचं नाही.

“बांधलं मी, लोंबकळणार दुसरा?” ते म्हणाले. “मग दादाने शिकवलं काय?”

त्यांना पट्टा कमरेत बसेना. बसचालकाने दुसरा आणला. पोटावरून तो सरकवताना ते म्हणाले, मी वर मेलो तर उद्याचं सूप खारट झालं म्हणून मला नावं ठेवू नका. कप्तान त्यांच्या मागोमाग चढला. मी खाली डाव्या बाजूच्या तारेला धरून उभी राहिले आणि बोलायला लागले.

डावा पाय वर. आता उजवा. खाली बघू नका, माझ्या आवाजाकडे कान द्या. अर्ध्यावर ते थांबले. अठराव्या वर्षी जिथे थिजले होते, बहुतेक तिथेच. त्यांची पाठ मला दिसत होती, ती हलत नव्हती. कप्तान खालून काहीच बोलला नाही, हे त्याने शहाणपणाचं केलं. मी एकदा म्हटलं, भावोजी, शेगडीवर काही ठेवलंय का? वरून बारीक आवाज आला, बटाटे. मी म्हटलं, मग लवकर आटपा, करपतील. पाठ हलली.

पहिल्या पकडीशी त्यांनी डोळे मिटून दणका दिला. दुसरीशीही मिटले. सहावीपासून उघडे होते असं कप्तान नंतर म्हणाला. टोकाला पोचल्यावर त्यांनी वाशावर पोट टेकलं आणि माझी बारावी सोडली. पिवळा दोरा तुटून वाऱ्याने कुठेतरी गेला. मग त्यांनी डाव्या हाताने वेढे घ्यायला सुरुवात केली. मी खालून सांगत होते. पाच वेढे. आता खुंटी घाला. पिळा. आणखी पिळा. किती ते मला आता सांगता येत नव्हतं, म्हणून मी विचारलं, बोटं काय म्हणतात?

“थांबा म्हणतात,” ते वरून म्हणाले.

“मग थांबा.”

टोक शिवायला त्यांच्याकडे दोरा नव्हता. खिशात चाचपून त्यांनी भटारखान्यातला पांढरा सुतळीदोरा काढला, पिशव्यांची तोंडं बांधायचा. त्यानेच शिवलं. आणि मग दोन्ही पाय पायदोरावर आपटून, माझ्या धाकट्या दिराने, ज्याला स्टुलावर चढून दिवा बदलता येत नाही त्याने, सगळं वजन बारावीवर टाकलं. पायदोर तसूभरही हलला नाही.

“वहिनी,” वरून आवाज आला, “धरतेय.”

खाली सगळे बोलायला लागले, कुणी टाळ्या वाजवल्या. मी तारेवरून उजवा हात काढला आणि तो ओला दिसला. तिन्ही बधिर बोटांवर आडवी चीर होती आणि रक्त मनगटापर्यंत आलं होतं. तुटका तंतू होता त्याच तारेला मी इतका वेळ मूठ आवळून उभी होते. यादीत तो मीच लिहिला होता, चिंधी गुंडाळणे, आणि गुंडाळायचं राहून गेलं होतं. मला काहीही कळलं नव्हतं.

दातांच्या डॉक्टरने ते बघितलं आणि रंगाचा ब्रश डब्यात टाकून तो माझ्याकडे आला. सवयीने माझा हात खिशाकडे गेला. मग मी तो परत आणला आणि त्याच्यापुढे उघडून धरला.